तीन महिन्यांची पलटण: १८६१ची पहिली आयोवा आणि मुदतीचं गणित

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या आरंभी, १८६१ साली, केवळ तीन महिन्यांच्या बोलीवर स्वयंसेवकांच्या पायदळ पलटणी उभ्या केल्या गेल्या. युद्ध तर चार वर्षं चाललं. मग ही मुदत ठरवणारे भोळे होते का, आणि एवढ्या काळात अशा पलटणीकडून काय काम होऊ शकत होतं?

आधी मुदतीबद्दल. ‘तीन महिन्यांत सगळं आटोपेल’ असं वॉशिंग्टनला वाटत होतं, हे कारण सर्रास दिलं जातं. तसं वाटणारे पुष्कळ होते, हे खरंच. पण आकडा तिथून आलेला नाही, तो कायद्यातून आला. केंद्र सरकारचा फोर्ट समटर हा किल्ला १३ एप्रिलला पडला आणि १५ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष लिंकनने ७५,००० मिलिशियाची, म्हणजे राज्यांच्या हंगामी नागरी सैन्याची, हाक दिली. त्या वेळी त्याच्या हाती १७९५चा मिलिशिया कायदा होता. त्या कायद्याप्रमाणे मिलिशियातल्या माणसाला वर्षातून तीन महिन्यांहून जास्त राबवता येत नव्हतं आणि काँग्रेसचं पुढचं अधिवेशन सुरू झाल्यावर तीस दिवसांनी तो अधिकारही संपत होता. अधिवेशन ४ जुलैला बोलावलेलं होतं. काँग्रेसला न विचारता यापेक्षा लांब मुदतीची फौज उभी करायला कायद्याचा आधार नव्हता. तरीही ३ मे रोजी लिंकनने तीन वर्षांसाठी ४२,०३४ स्वयंसेवक मागितले आणि काँग्रेसने त्यावर मागाहून शिक्कामोर्तब केलं. तेव्हा भोळेपणाचा आरोप निदान मुदतीच्या बाबतीत तरी टिकत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या वाचकासाठी. ‘रेजिमेंट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मराठा लाइट इन्फंट्रीसारखी अनेक बटालियनांची संस्था येते. अमेरिकेतली स्वयंसेवक रेजिमेंट म्हणजे एकच बटालियन, दहा कंपन्यांची. म्हणून इथे ‘पलटण’ म्हणणंच बरं. एप्रिलच्या हाकेतल्या पलटणीचा आकडा ७८० होता: ३७ अधिकारी आणि ७४३ जवान. सदतीसपैकी तीस अधिकारी कंपन्यांचे, दर कंपनीला तीन. उरलेले सात म्हणजे कर्नल, लेफ्टनंट कर्नल, मेजर, अॅड्जुटंट (हुकूम आणि कागदपत्रं पाहणारा), क्वार्टरमास्टर (सामानसुमान पाहणारा), सर्जन आणि त्याचा मदतनीस. मे महिन्यातल्या तीन वर्षांच्या पलटणी याहून मोठ्या होत्या, ८६६ ते १,०४६ माणसांच्या. जुन्या यादीतला माणसांचा आकडा पाहिला तरी पलटण कोणत्या हाकेतली असावी याचा अंदाज येतो.

आता एकच पलटण धरून बोलू, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. आयोवा राज्याच्या वाट्याला पहिल्या हाकेत एकच पलटण आली, ती म्हणजे पहिली आयोवा. तिच्या दहा कंपन्या सात ठिकाणांहून आल्या. मस्कटीनच्या दोन, बर्लिंग्टनच्या दोन, डब्यूकच्या दोन, आणि आयोवा सिटी, माउंट प्लेझंट, डॅव्हेनपोर्ट व लिन काउंटी यांची एकेक. त्यांना ए ते के अशी अक्षरं होती; ‘जे’ (J) हे अक्षर वापरत नसत, म्हणून दहावी कंपनी के. बर्लिंग्टनची डी, डॅव्हेनपोर्टची जी आणि डब्यूकची एच या तीन कंपन्या मुख्यतः जर्मन. कर्नल जॉन बेट्स, लेफ्टनंट कर्नल विल्यम मेरिट, मेजर अॅस्बरी पोर्टर. कॅप्टन-लेफ्टनंट कंपनीतल्या माणसांनी मतं देऊन निवडलेले.

या निवडणुकीला पुढच्या काळात बरीच नावं ठेवली गेली, पण ती पूर्ण रास्त नाहीत. गावातल्या लोकांनी ओळखीच्या माणसाला पुढे केलं की भरती दोन दिवसांत पुरी होई आणि पळून जाणारे कमी निघत. तोटा शिस्तीच्या वेळी दिसे. आज ज्याला पहाऱ्यावर झोपल्याबद्दल शिक्षा करायची तो उद्या गावात शेजारी किंवा गिऱ्हाईक असणार, आणि परत जायचा दिवस दोघांनाही माहीत. तीन वर्षांच्या पलटणीत कॅप्टनला हे अंतर राखायला वेळ मिळाला, इथे तो मिळाला नाही.

वेळ कुठे गेला ते तारखांवरून पाहा. हाक १५ एप्रिलची. बहुतेक कंपन्यांची माणसं एप्रिलच्या शेवटापर्यंत भरली होती. मिसिसिपीकाठच्या किओकक गावी सगळ्या एकत्र आल्या आणि १४ मे रोजी पलटणीने केंद्र सरकारच्या सेवेची शपथ घेतली. मुदत याच दिवसापासून मोजायची, म्हणजे ती १४ ऑगस्टला संपणार. पण जो पोरगा एप्रिलच्या विसाव्या-बाविसाव्या तारखेला नाव घालून आला होता, त्याच्या हिशेबाने त्याचे तीन महिने जुलैतच भरत होते. हा घोळ जवळजवळ प्रत्येक राज्याच्या पलटणीत झाला आणि जुलैअखेरच्या कुरबुरींचं मूळ बहुतेक वेळा त्यात सापडतं. शपथेच्या दिवशीच मुदत कधी संपते ते मोठ्याने वाचून दाखवलं असतं तर निम्मी भांडणं टळली असती.

किओककला गेलेला महिना कवायतीत गेला. क्रम ठरलेला होता: आधी एकट्या शिपायाची कवायत, मग कंपनीची, मग सबंध बटालियनची. पहिल्या दोन गावातल्या मैदानावर शिकता येतात. तिसरीला दहाही कंपन्या एका जागी लागतात, आणि लढाईत उपयोगी पडते ती तिसरीच. सातशे माणसं दोन रांगांत उभी केली की आघाडी सुमारे सातशे फूट लांब होते. टोकाच्या कंपनीला कर्नलचा आवाज पोहोचत नाही. हुकूम ढोलावरून आणि शेजारच्या कंपनीकडे पाहून ओळखायचा. हे पाठ व्हायला आठवडे लागतात. शिवाय तीन कंपन्यांत इंग्रजी हुकूम जर्मनमध्ये समजावून द्यावा लागणार. चालीचे आकडे तरी सगळ्यांना सारखे होते: साधी चाल मिनिटाला ९० पावलं, २८ इंचांचं पाऊल, जलद चाल ११०, दौडीची १६५, पाऊल ३३ इंचांचं. कवायतीच्या ज्या पुस्तकातून हे शिकवलं जाई त्याचा कर्ता विल्यम हार्डी तोपर्यंत दक्षिणेच्या फौजेत गेला होता. दोन्ही बाजू एकाच पुस्तकावरून कवायत करत होत्या.

नेमबाजी जवळपास शिकवलीच नाही. दारू कमी, वेळ कमी, आणि भर बार भरण्याच्या ठेक्यावर. बंदूक ठासणीची: काडतूस काढायचं, कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची, गोळी वर ठेवायची, गज ओढायचा, ठासायचं, गज जागेवर घालायचा, मग नळीच्या मागच्या निपलवर केप, म्हणजे ठिणगी पाडणारी लहान टोपी, बसवायची. सरावलेला माणूस मिनिटाला तीन बार काढतो. नवखा माणूस धांदलीत दोन चुका करतो. केप बसवायला विसरतो आणि आजूबाजूच्या गलक्यात आपला बार उडालाच नाही हे त्याला कळत नाही, म्हणून त्यावरच दुसरं काडतूस ठासतो. किंवा गज नळीतच ठेवून चाप ओढतो आणि गज गोळीबरोबर निघून जातो. गज गेला की ती बंदूक म्हणजे संगीन लावलेली काठी. या दोन्ही चुकांवर उपाय एकच, शेकडो वेळा तेच करणं, आणि त्यासाठी वेळ हवा.

अशा पहिल्या पलटणींना हत्यारं मिळाली ती कोठारांतली जुनी. त्यांत पुष्कळशा ०.६९ इंच व्यासाच्या, आत आटे नसलेल्या गुळगुळीत नळीच्या, आणि कितीतरी मूळच्या गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या, पुढे केपवर आणलेल्या. पेटीत चाळीस काडतुसं. एका काडतुसात एक मोठी गोळी आणि तीन छर्रे. शंभर यार्डांपलीकडे नेम धरण्यात अर्थ नाही, पण पन्नास यार्डांवर या काडतुसाने होणारी हानी भयंकर असते. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘जुनाट बंदुका दिल्या म्हणून हरले’ असं वाक्य फार ऐकू येतं. ही पलटण पुढे १० ऑगस्टला जिथे लढली त्या विल्सन्स क्रीकच्या टेकडीवर उंच गवत आणि खुरट्या ओकची झाडी होती, शत्रू दिसायचाच जवळ आल्यावर. तिथे जुन्या बंदुकीने फारसं अडलं नाही.

अडलं ते कपड्यांवरून. आयोवाकडे ना शस्त्रं होती ना पैसा. गव्हर्नर कर्कवुडला उसनवारी करावी लागली. गणवेश गावोगावच्या बायकांनी, मिळेल त्या कापडाचे शिवले. म्हणून प्रत्येक कंपनीचा वेश वेगळा, आणि त्यांत राखाडी रंगाच्या छटा जास्त. १८६१च्या मे महिन्यात राखाडी म्हणजे दक्षिणेचा रंग असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. उत्तरेतल्या कितीतरी मिलिशिया कंपन्या वर्षानुवर्षं राखाडीच वापरत होत्या. याची किंमत पुढे दुसऱ्याच तुकडीने मोजली, ते खाली येईल.

जूनच्या मध्यावर पलटण बोटीने हॅनिबलला उतरली, रेल्वेने मिसूरी राज्याच्या आत गेली आणि बूनव्हिलला उत्तरेच्या फौजेचा जनरल नॅथॅनियल लायन याला मिळाली. १७ जूनची तिथली चकमक तोपर्यंत होऊन गेली होती. ३ जुलैला लायन दक्षिणेकडे स्प्रिंगफील्डला निघाला. ग्रँड नदी, मग ओसेज नदी, मोजक्या नावा, चढलेलं पाणी. दक्षिणेला उत्तरेच्याच कर्नल सिगलची तुकडी कार्थेजजवळ अडचणीत आल्याची बातमी आल्यावर लायनने एका दिवस-रात्रीत पन्नासएक मैलांची मजल मारायला लावली. नवी पलटण अशा मजलेत कशी मोडते? पुढचा चांगला चालतो, नाल्यावर रांग अरुंद होते, मागचे थांबतात, मग अंतर भरायला पळतात. पुन्हा नाला, पुन्हा तेच. शेवटच्या कंपनीने चाललेलं अंतर तेवढंच असतं, पण ती सबंध दिवस थांबत आणि धावत असते, त्यामुळे गळणारे तिच्यात जास्त. यावर इलाज म्हणजे रोज कंपन्यांचा क्रम फिरवणं आणि तासाला ठरावीक विसावा. आयोवाच्या लोकांनी चालण्यात नाव मिळवलं. लायनच्या फौजेत त्यांना ‘ग्रेहाउंड’ म्हणत.

शिध्याचा हिशेब मात्र कोणत्याही उत्साहाने सुटणारा नव्हता. माणशी रोजचा ठरलेला शिधा म्हणजे पाऊण पौंड खारवलेलं डुकराचं मांस किंवा सव्वा पौंड गोमांस, १८ औंस पीठ किंवा मजलेवर पौंडभर कडक बिस्किटं, शिवाय घेवड्याचे दाणे-तांदूळ, कॉफी, साखर, मीठ. सरासरी तीन पौंड धरले तर ७८० माणसांना रोज २,३४० पौंड. सहा खेचरांची गाडी खराब रस्त्यावर अडीच हजार पौंडांच्या आसपास ओढते, म्हणजे एका पलटणीचा एका दिवसाचा शिधा म्हणजे एक गाडी. रेल्वे रोलापर्यंत. तिथून स्प्रिंगफील्ड शंभराहून जास्त मैल, ओझार्कच्या डोंगराळ रस्त्याने. रोज १५ मैल धरले तर जायला आठ दिवस, यायला आठ. याचा अर्थ एका पलटणीला जेवू घालायला सोळा गाड्या सतत रस्त्यावर हव्यात. आणि खेचरं? एकेकाला रोज नऊ पौंड दाणा, तो सहा जनावरांचा सोळा दिवसांत ८६४ पौंड होतो. गाडीतला तिसरा हिस्सा खेचरांनीच खाल्ला, वैरण वेगळीच. मोडलेली चाकं आणि मेलेली जनावरं यात धरलेली नाहीत. लायनकडे पाच-सहा हजारांची फौज होती. जुलैच्या उत्तरार्धात ती निम्म्या शिध्यावर होती, जोड्यांचे तळ सुटले होते, पगार झालेला नव्हता. शिपायाचा पगार महिना ११ डॉलर; काँग्रेसने तो १३ केला तो ६ ऑगस्टला. यादवी युद्धातल्या लढायांवर लोक तासन्‌तास बोलतात, पण स्प्रिंगफील्डला लायनचे हात कशाने बांधले गेले हे कळायला ही सोळा गाड्यांची बेरीज पुरते. मागे हटायचं तर मिसूरीचा नैर्ऋत्य भाग सोडायचा, थांबायचं तर उपाशी राहायचं, आणि आठवड्यागणिक कुठल्या ना कुठल्या तुकडीची मुदत संपत होती.

९ ऑगस्टच्या संध्याकाळी फौज स्प्रिंगफील्डहून निघाली. पहिल्या आयोवाची मुदत संपायला पाच दिवस उरले होते. लायनपाशी सुमारे ५,४०० माणसं, समोर दक्षिणेच्या बाजूचे सेनापती मॅककलक आणि प्राइस यांची सुमारे १२,०००. लायनने फौज दुभागली. मुख्य भाग उत्तरेकडून, आणि सुमारे १,२०० माणसं घेऊन सिगल दक्षिणेकडून शत्रूच्या पाठीवर.

१० ऑगस्टला पहाटे विल्सन्स क्रीकची लढाई सुरू झाली. बेट्स आजारी असल्याने आयोवाचं नेतृत्व मेरिटकडे. पलटण आधी राखीव होती. मग पुढे लढत असलेल्या पहिल्या कॅन्ससची जागा घेण्याचा हुकूम झाला. पुस्तकात हे सोपं दिसतं: मागची पलटण पुढे येते, पुढची वाट करून देते. प्रत्यक्षात धुरात दोन्ही पलटणी एकाच वेळी हलल्या. माघारी येणारे कॅन्ससचे लोक आयोवाच्या रांगेतून घुसले आणि रांग तुटून कंपन्या एकमेकींपासून दुरावल्या. अशा वेळी नवखी पलटण तिथेच संपते, कारण प्रत्येकाला वाटतं की सगळेच पळताहेत. इथे तसं झालं नाही. कंपन्या कॅप्टनांच्या आवाजावर जागच्या जागी थांबल्या, आणि निवडून दिलेला ओळखीचा कॅप्टन ही गोष्ट इथे उपयोगी पडली. बटालियन म्हणून तुटली तरी कंपनी म्हणून पलटण टिकली. पुढे दोन-तीन तास ती तोफांच्या आजूबाजूला तुकड्या-तुकड्यांनी लढली. साडेनऊच्या सुमारास लायन पडला; युद्धात कामी आलेला उत्तरेचा हा पहिला जनरल. साडेअकराच्या सुमारास मेजर स्टर्जिसने फौज मागे घेतली. आयोवाचे सुमारे दीडशे लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले, म्हणजे मैदानात उतरलेल्यांतला जवळपास पाचवा हिस्सा. उत्तरेची एकूण हानी १,३१७.

सिगलच्या बाजूला त्याच सकाळी मुदत आणि कपडे ही दोन्ही दुखणी एकदम उघडी पडली. त्याच्या मिसूरीच्या पलटणींतल्या तीन महिन्यांच्या लोकांची मुदत आधीच संपली होती. तिसऱ्या मिसूरीतून चारशेच्या आसपास माणसं घरी गेली होती, अनुभवी अधिकारीही गेले होते, आणि जागा भरल्या होत्या कोऱ्या रंगरुटांनी. साडेआठच्या सुमारास समोरून राखाडी वेशातली पलटण येताना दिसली. लायनच्या फौजेत राखाडी वेशाची पलटण म्हणजे पहिली आयोवा, हे सगळ्यांना ठाऊक. सिगलने गोळीबार रोखला. ओळख विचारायला पाठवलेला माणूस गोळी लागून पडला, तेव्हा कळलं की ती तिसरी लुइझियाना होती. चाळीसएक यार्डांवरून आलेल्या त्या एका फैरीने सिगलची रांग उधळली आणि त्याच्या सहापैकी पाच तोफा गेल्या. राखाडी कपडे नकोत असं युद्धखात्याने राज्यांना सांगितलं ते सप्टेंबरात.

एकाच मैदानावर मुदतीचे दोन्ही परिणाम दिसतात, म्हणून ही पलटण निवडली. पूर्वेकडे तर चित्र याहून वाईट होतं. २१ जुलैला वॉशिंग्टनजवळच्या बुल रनच्या लढाईच्या सकाळी चौथी पेनसिल्व्हेनिया आणि आठव्या न्यू यॉर्कची तोफांची तुकडी मुदत भरली म्हणून मागे निघून गेली. चौथीचा कर्नल हार्टरान्फ्ट मात्र मागे राहून लढला आणि त्याला पुढे मेडल ऑफ ऑनर मिळालं. शेनँडोआ खोऱ्यात उत्तरेचा जनरल पॅटरसन याच्या पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी मुदतीपुढे थांबायला नकार दिला. त्याच सुमारास दक्षिणेचा जनरल जॉन्स्टन खोऱ्यातून निसटून बुल रनला पोहोचला. या लोकांना भेकड म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांनी केलेला करार पुरा पाळला. पेरणी-कापणी आणि दुकानं तीन महिन्यांच्या हिशेबाने कुणाच्या तरी गळ्यात घालून ते आले होते. चूक ज्यांनी मोहिमेचं वेळापत्रक मुदतीच्या अखेरीला नेऊन भिडवलं त्यांची. नव्वद दिवसांतले तीस सज्जतेत जातात, शेवटचे वीस परतीच्या विचारात. मधले चाळीस दिवस काय ते वापरायचे. नाके, पूल आणि रेल्वे राखायला, राजधानी सांभाळायला ते पुरेसे होते, आणि एप्रिल-मेमध्ये याच पलटणींनी ते काम केलं. मोठ्या मोहिमेला ते पुरणारे नव्हते.

पहिली आयोवा रोलामार्गे सेंट लुईसला आली आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तिला निरोप मिळाला. निरोपाचीही रीत असते: शेवटची हजेरी, प्रत्येकाच्या नावापुढे सेवेचा तपशील, बंदूक आणि पेटी परत, हरवलेल्या वस्तूंची किंमत पगारातून वजा, मग पगार-अधिकाऱ्याकडून रोख. त्यातले पुष्कळ जण काही आठवड्यांत तीन वर्षांच्या पलटणींत परत भरती झाले, आता अधिकारी म्हणून. आय कंपनीचा कॅप्टन फ्रान्सिस हेरन मेजर जनरल झाला. डी कंपनीचा कॅप्टन मॅथीस ब्रिगेडियर जनरल. पोर्टर चौथ्या आयोवा घोडदळाचा कर्नल. जी कंपनीचा कॅप्टन वेन्ट्झ सातव्या आयोवाचा लेफ्टनंट कर्नल झाला आणि नोव्हेंबरात बेलमाँटला पडला. या पलटणींचा सर्वांत मोठा उपयोग माझ्या मते हाच: ज्यांनी एकदा रांग तुटताना पाहिली आहे असे अधिकारी त्यांनी तयार करून दिले.

जुन्या नोंदी तपासणाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नावनोंदणी आणि शपथ या वेगळ्या तारखा आहेत. सेवा शपथेपासून धरा. क्रमांकांवर भिस्त ठेवू नका. पेनसिल्व्हेनियाच्या १ ते २५ या तीन महिन्यांच्या पलटणी आहेत. इंडियानाच्या त्या ६ ते ११ आहेत, कारण आधीचे पाच क्रमांक मेक्सिकोच्या युद्धातल्या पलटणींसाठी राखून ठेवले होते. इलिनॉयच्या त्याच कारणाने ७पासून सुरू होतात. ओहायोत तर एकच क्रमांक तीन महिन्यांच्या आणि तीन वर्षांच्या अशा दोन वेगळ्या पलटणींना दिलेला आढळतो. आणि पेन्शनचे कागद पाहत असाल तर १८९०च्या कायद्यात किमान नव्वद दिवसांच्या सेवेची अट होती. पहिल्या आयोवाचे लोक १४ मे ते ऑगस्टचा तिसरा आठवडा, म्हणजे शंभरएक दिवसांच्या सेवेने, त्या अटीत जेमतेम बसले. मागाहून भरती झालेले किंवा आजारपणामुळे लवकर सुटलेले कितीतरी शिपाई बसले नाहीत, म्हणून एखाद्याचं नाव हजेरीपटावर असूनही या कायद्याखालच्या पेन्शनच्या यादीत सापडत नाही.